क्षयजंतूला विचारलेले प्रश्न

१९४३ च्या नोव्हेंबरात मेयो क्लिनिकचे विल्यम फेल्डमन न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात आले. फेल्डमन मूळचे पशुवैद्यक. गिनीपिगना क्षय जडवायचा आणि त्यांच्यावर एकेक औषध करून पाहायचं, हे काम ते आणि त्यांचे सहकारी कॉर्विन हिनशॉ काही वर्षं चिकाटीनं करत होते. सल्फाच्या जवळची काही रसायनं त्यांनी तपासली होती. गिनीपिगना गुण आला, पण माणसाला ती झेपेनात. आता मातीतल्या सूक्ष्मजीवांकडून काही मिळतं का ते त्यांना पाहायचं होतं. त्या विषयातले अमेरिकेतले जाणकार सेल्मन वॅक्समन रटगर्सच्या शेतकी प्रयोग केंद्रात होते.

वॅक्समन यांना क्षयाच्या जंतूची धास्ती होती, आणि ती रास्तच होती. हा जंतू हवेतून पसरतो. खोलीतली हवा आत ओढून गाळून घेणारी आजच्यासारखी बंदिस्त कपाटं तेव्हा त्या इमारतीत नव्हती. वॅक्समन यांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. क्षयजंतूचं काम अंगावर घेतलं ते अल्बर्ट शॅट्झ या २३ वर्षांच्या विद्यार्थ्यानं, आणि ते तळघरात हलवलं गेलं. शॅट्झ पाठीच्या दुखण्यामुळे त्याच वर्षी सैन्यातून परत आले होते. विद्यार्थी म्हणून त्यांना महिना ४० डॉलर मिळत. वॅक्समन त्या तळघरात कधी उतरले नाहीत, असं शॅट्झ पुढे सांगत असत.

औषध शोधणाऱ्याला हा जंतू नकोसा का वाटतो, हे आधी समजून घ्यायला हवं. आपल्या आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. संध्याकाळी पेरला तर सकाळी बशी भरलेली असते. क्षयाच्या जंतूला एकदा दुभंगायला सुमारे वीस तास लागतात. अंडं घातलेल्या घट्ट खाद्यावर त्याच्या फिकट पिवळसर, खरबरीत वसाहती डोळ्यांना दिसायला तीन आठवडे तरी जातात, कधी सहा. म्हणजे औषध लागू पडलं की नाही या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी महिनाभर थांबायचं, आणि मध्येच एखादी बुरशी शिरली तर पुन्हा पहिल्यापासून. शिवाय या जंतूचं कवच मेणचट असतं. मेणकापडावरून पाणी ओघळावं तशी बरीच औषधं त्यावरून ओघळून जातात. पेनिसिलिननं इतर जंतूंची दाणादाण उडवली तेव्हाही क्षयाचा जंतू ढिम्म राहिला होता.

या प्रश्नाला हात घालणारे शॅट्झ पहिले नव्हते. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये हा जंतू जगासमोर ठेवणाऱ्या रॉबर्ट कॉख यांनीच औषधांची पहिली चाळणी लावली होती. १८९० मध्ये त्यांनी सांगितलं की काचपात्रात जंतूची वाढ रोखणारी अनेक द्रव्यं आपल्याला सापडली आहेत. त्यांतली सोन्याची सायनाइड-संयुगं तर वीस लाखांत एक भाग इतकी विरळ केली तरी वाढ रोखत होती. जनावरांत मात्र यांतल्या एकाचाही उपयोग झाला नाही. त्यानंतर त्यांनी जाहीर केलेलं ट्युबरक्युलिन औषध म्हणून साफ फसलं आणि त्याचा पुकारा इतका झाला की सोन्याची गोष्ट मागे पडली. पण पुढच्या सव्वाशे वर्षांची मेख तिथेच होती. काचेत मरणारा जंतू शरीरात मरतोच असं नाही. उलटही खरं आहे, आणि ते कळायला आणखी साठ वर्षं जायची होती.

रटगर्सच्या तळघरात परत जाऊ. पहिल्या पावसानंतर जमिनीतून जो वास उठतो, तो बराचसा ॲक्टिनोमायसीट नावाच्या सूक्ष्मजीवांचा असतो. वॅक्समन यांनी या गटावर आयुष्य घातलं होतं. १९४० मध्ये त्यांच्या विभागानं या सूक्ष्मजीवांपासून ॲक्टिनोमायसिन काढलं, १९४२ मध्ये स्ट्रेप्टोथ्रिसिन. दोन्ही जंतू मारत, पण ज्याला द्यायचं त्यालाही जड जात. कामाची रीत साधी आणि कंटाळवाणी होती. चिमूटभर माती पाण्यात घोळवायची, ते पाणी पुन्हा पुन्हा विरळ करायचं आणि अगरच्या बशीवर पसरायचं. काही दिवसांनी पिठूळ, खडूसारखे ठिपके उगवतात. त्यांतला एकेक उचलून नव्या बशीच्या मधोमध रेघेत पेरायचा. तो वाढला की त्या रेघेला काटकोनात रोगजंतूंच्या रेघा ओढायच्या. दुसऱ्या दिवशी पाहायचं. रोगजंतूची रेघ मधल्या रेघेला जाऊन भिडली तर ठिपका टाकून द्यायचा. ती अलीकडेच थबकली, मध्ये स्वच्छ जागा राहिली, तर वहीत खूण करायची. असे शेकडो ठिपके, शेकडो बशा.

शॅट्झ यांच्या वहीतला अकरावा प्रयोग १९४३ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला. त्यातून करड्या-हिरवट रंगाचे दोन ॲक्टिनोमायसीट वेगळे निघाले. एक भरपूर शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीतून आला होता. दुसरा आला कोंबडीच्या घशातून. डोरिस जोन्स या सहविद्यार्थिनीनं ती बशी दिली होती. दोन्ही स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस. १९ ऑक्टोबरला आपल्या हाती नवं प्रतिजैविक आहे याची शॅट्झ यांना खात्री पटली. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या जंतूंनाही ते रोखत होतं. फेल्डमन येऊन गेले तेव्हा ते हाताशी होतंच. फेल्डमन यांच्याकडून शॅट्झ यांना माणसाला क्षय करणारा, पूर्ण जहाल असा एच-३७ हा वाण मिळाला.

या वाणाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. १९०५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सॅरनॅक लेक इथे एडवर्ड बाल्डविन यांनी १९ वर्षांच्या एका रुग्णाकडून तो घेतला. एका काचनळीतून दुसऱ्या काचनळीत करत तो जगवला गेला. पुढे त्याच्या दोन शाखा झाल्या. त्यांतली जहाल शाखा एच-३७ आरव्ही आज जगभरच्या क्षय प्रयोगशाळांत आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांत क्षयावर जी जी औषधं तपासली गेली, त्यांतली पुष्कळशी त्या एका तरुणाच्या शरीरातल्या जंतूच्या वंशजांवर तपासली गेली.

जंतू थांबतो हे दिसल्यावर शुद्ध औषध बनवायचा प्रश्न आला. ग्रिसियस वाढवलेलं पातळ द्रव्य आटवत आटवत अर्क मिळवायचा होता, आणि ते काम रात्रंदिवस चालायचं. मदतनीस नव्हता. शॅट्झ तळघरातच जमिनीवर अंथरूण टाकत. उकळणाऱ्या काचेच्या चंबूवर त्यांनी तांबड्या पेन्सिलीची रेघ ओढली होती. द्रव त्या रेघेखाली उतरला की रात्रीच्या पहारेकऱ्यानं त्यांना उठवायचं, त्यांनी नवं द्रव्य ओतायचं आणि पुन्हा पडायचं. १९४४ च्या एप्रिलमध्ये मेयोला जो पहिला पुरवठा गेला तो असा निघाला होता. चार गिनीपिगना पुरेल इतकाच.

त्या चारांचा निकाल पाहून मर्क कंपनीनं मोठ्या प्रमाणावर औषध करायला घेतलं. २० नोव्हेंबर १९४४ रोजी मिनेसोटातल्या एका आरोग्यधामात २१ वर्षांच्या तरुणीला स्ट्रेप्टोमायसिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं. ती बरी झाली.

युद्धानं पिचलेल्या ब्रिटनकडे सगळ्यांना पुरेल इतकं औषध नव्हतं. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी त्याचाच उपयोग करून घेतला. कुणाला औषध द्यायचं हे डॉक्टरच्या मनावर न सोडता त्यांनी चिठ्ठ्यांनी ठरवलं. १०७ रुग्ण होते. ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, ५२ जणांना त्या काळचा नेहमीचा उपचार, म्हणजे अंथरुणावरची विश्रांती. सहा महिन्यांत औषध घेतलेल्यांतले चार दगावले, विश्रांतीवाल्यांतले चौदा. आजच्या सगळ्या औषध-चाचण्यांचा पाया म्हणून हे आकडे सांगितले जातात. पाच वर्षांनंतरचे आकडे मात्र कमी सांगितले जातात: ५५ पैकी ३२ मृत्यू आणि ५२ पैकी ३५. अंतर जवळजवळ पुसलं गेलं होतं. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनशी जंतूनं जुळवून घेतलं होतं. शिवाय ज्यांना ते दिलं त्यांतल्या अनेकांचा तोल बिघडला, चक्कर सुटेना. आतल्या कानाला होणारी ही इजा या गटातल्या इंजेक्शनांच्या कायम मागे लागली.

रटगर्समध्ये तोवर श्रेयावरून तेढ पडली होती. १९४४ च्या पहिल्या निबंधावर शॅट्झ, एलिझाबेथ बुगी आणि वॅक्समन अशी तीन नावं होती. पेटंटवर बुगी यांचं नाव नाही. आज ना उद्या तुमचं लग्न होईल, तुमचं नाव असण्याचं एवढं काय, असं आपल्याला समजावण्यात आलं होतं, हे त्यांनी पुढे मुलीला सांगितलं. शॅट्झ यांनी १९५० मध्ये कोर्टात दावा लावला आणि सहसंशोधक म्हणून मान्यता व मानधनाचा वाटा मिळवला. १९५२ चं नोबेल मात्र एकट्या वॅक्समन यांना मिळालं. मातीकडे पाहायची शिस्त वॅक्समन यांनी घालून दिली, हे निर्विवाद. पण जिवंत क्षयजंतूसमोर महिनोन्‌महिने एकट्यानं बसायची जोखीम शॅट्झ यांनी घेतली, आणि माझ्या मते या शोधाचं मर्म त्या जोखमीत आहे. सोयीच्या, निरुपद्रवी जंतूवर भागवून घेतलं असतं तर क्षयाबद्दलचं उत्तर मिळालंच नसतं.

पुढची औषधं भराभर आली. स्वीडनमध्ये यॉर्गन लेहमान यांनी पॅस नावाचं औषध केवळ तर्कानं सुचवलं. सॅलिसिलिक आम्ल दिलं की क्षयजंतू अधिक प्राणवायू ओढतो असं कुणीतरी नोंदवलं होतं. तर मग त्या रेणूत थोडा फेर करून त्याचा श्वास कोंडता येईल, असा तो तर्क. पॅस आणि स्ट्रेप्टोमायसिन जोडीनं दिलं की जंतूला निसटायला वाट सापडत नाही, हे कळलं आणि तिथून क्षयाला एकटं औषध न देण्याचा नियम पडला.

१९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं. अमेरिकेतल्या दोन आणि जर्मनीतली एक अशा तीन कंपन्यांना ते एकमेकींच्या नकळत जवळजवळ एकाच वेळी सापडलं. आणि मग लक्षात आलं की प्रागमधल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी ते १९१२ मध्येच बनवून ठेवलं होतं. चाळीस वर्षं ते कागदावर पडून होतं. त्या चाळीस वर्षांत क्षयानं किती माणसं नेली याचा विचार केला की मन सुन्न होतं. आणि तेव्हा कुणी ते नेहमीच्या रोगजंतूंवर तपासलं असतं, तरी निकाल शून्यच आला असता. आयसोनियाझिड क्षयजंतूच्या कुळाबाहेर जवळपास काहीच करत नाही.

पायराझिनामाइडची कथा याहून चमत्कारिक आहे. नेहमीच्या खाद्यावर, नेहमीच्या आम्लतेत क्षयजंतू वाढवा आणि त्यावर पायराझिनामाइड टाका, त्याला काहीही होत नाही. रटगर्सच्या चाळणीतून हे औषध पहिल्याच दिवशी बाहेर फेकलं गेलं असतं. ते सापडलं, कारण शोधणाऱ्यांनी काचपात्र मध्ये न आणता रसायनं थेट क्षय झालेल्या उंदरांना देऊन पाहिली. निकोटिनामाइड या जीवनसत्त्वानं जनावरांतला क्षय थोडा हटतो असं १९४५ मध्ये फ्रान्समध्ये दिसलं होतं. लेडर्ली कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याची भावंडं बनवली आणि १९५२ मध्ये पायराझिनामाइड पुढे आलं. ते खाद्य आम्लधर्मी केल्यावरच काचेत काम करतं, हे वॉल्श मॅकडरमॉट यांच्या गटानं नंतर दाखवलं. शरीरातल्या सुजलेल्या, आम्ल झालेल्या कोपऱ्यांत दडलेल्या जंतूंवर ते काम करतं. ते आणि पुढे आलेलं रिफॅम्पिसिन मिळूनच क्षयाचा उपचार दीड-दोन वर्षांवरून सहा महिन्यांवर आला. कॉख यांच्या सोन्याची ही उलटी बाजू होती: काचेत जिंकलेलं शरीरात हरलं आणि काचेत हरलेलं शरीरात जिंकलं.

जनावर निवडतानाही हीच फसगत होते. डब्लिनमध्ये व्हिन्सेंट बॅरी यांच्या गटानं १९५७ मध्ये क्लोफाझिमिन प्रसिद्ध केलं, तेही क्षयासाठीच. उंदरांत ते उत्तम चाललं, गिनीपिगांत आणि माकडांत फिकं पडलं, म्हणून क्षयाच्या यादीतून त्याचं नाव कटलं. पुढे ते कुष्ठरोगावर गेलं आणि बहुऔषध उपचारात स्थिरावलं. महाराष्ट्रात कुष्ठरोगाचं काम केलेल्या माणसांना ते ओळखीचं आहे, त्यानं कातडीला येणाऱ्या तांबूस-काळ्या रंगासकट. क्षयात ते परत आलं ते अर्ध्या शतकानं.

रिफॅम्पिसिन पुन्हा मातीतून आलं. मिलानच्या लेपेटिट कंपनीत प्येरो सेन्सी आणि मारिया तेरेसा टिंबाल मातीचे नमुने चाळत होते. १९५७ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सेंट राफाएलजवळच्या पाइनच्या बनातली माती त्यांच्याकडे आली. तिच्यातल्या सूक्ष्मजीवानं जे द्रव्य दिलं त्याला त्यांनी त्या काळी गाजत असलेल्या ‘रिफिफी’ या गुन्हेपटावरून नाव दिलं. मूळ द्रव्य दुबळं होतं, पण पाण्यात विरघळवून ठेवलं की आपोआप बदलून जोमदार व्हायचं. या एका निरीक्षणावरून रेणूत फेरफार सुरू झाले. तो पोटातून घेता यावा म्हणून शेकड्यांनी नवी रूपं बनवली गेली. १९६८ मध्ये रिफॅम्पिसिन इटलीच्या बाजारात आलं.

भारतात एव्हाना क्षयाच्या उपचाराची रीतच बदलली होती. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या केंद्रानं १९५९ मध्ये दाखवून दिलं की दाटीवाटीच्या घरात राहून गोळ्या घेणारा गरीब रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो, आणि त्याच्यापासून घरच्यांना जादा धोकाही नसतो. आपल्याकडे पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सनं स्ट्रेप्टोमायसिन तर बनवलंच, शिवाय तिथल्या संशोधकांनी मातीही चाळली. तिथल्या मातीतल्या एका ॲक्टिनोमायसीटपासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध निघालं आणि त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात ‘पिंप्रिना’ हा शब्द बसला. क्षयाशी त्याचा संबंध नाही. पण रटगर्सची विद्या भोसरी-पिंपरीच्या माळावर रुजली होती, याची ती साक्ष आहे.

आणि मग सगळं थांबलं. क्षय हा गरिबांचा रोग झाला होता, श्रीमंत देशांना तो संपल्यासारखा वाटत होता आणि कंपन्यांना त्यात पैसा दिसत नव्हता. रिफॅम्पिसिननंतर नव्या कुळातलं औषध यायला चाळीसहून अधिक वर्षं लागली. मधल्या काळात औषधांना न जुमानणारा क्षय वाढत गेला. १९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं क्षय ही जागतिक आणीबाणी असल्याचं जाहीर केलं, तेव्हा डॉक्टरांच्या हातात आजोबांच्या काळातली औषधं होती.

जून १९९८ मध्ये एच-३७ आरव्हीचा जनुकसंच संपूर्ण वाचून झाला. ४४ लाख अक्षरं, सुमारे ४,००० जनुकं. आता अंधारात चाचपडायला नको, असं वाटलं. जंतूला ज्याच्यावाचून जगताच येत नाही असं एक प्रथिन निवडायचं, ते वेगळं काढायचं, त्याला अडवणारा रेणू यंत्रमानवाच्या मदतीनं लाखो रेणूंतून शोधायचा. विचार स्वच्छ होता, मोहक होता. पण ग्लॅक्सोस्मिथक्लाइननं १९९५ ते २००१ या काळात सर्वसाधारण रोगजंतूंसाठी अशा ७० मोठ्या चाळण्या लावल्या, त्यांतल्या ६७ सुट्या प्रथिनांवरच्या. पुढे नेण्याजोगे रेणू मिळाले ते पाच. प्रथिनाला घट्ट चिकटणारा रेणू जंतूच्या कवचातून आत शिरत नाही, शिरला तर बाहेर ढकलला जातो.

क्षयाच्या बाबतीत तर शहाणं करणारं उदाहरण आधीच समोर होतं. आयसोनियाझिड स्वतः कुणालाच अडवत नाही. जंतूच्या आत गेल्यावर जंतूचंच एक विकर त्याचं विष बनवतं. पायराझिनामाइडचंही तसंच. म्हणजे सुट्या प्रथिनावर चाळणी लावली असती तर सहा महिन्यांच्या उपचारातल्या चारपैकी दोन औषधं हातची गेली असती. जंतूचा एखादा तुकडा काढून त्याला विचारलेला प्रश्न आणि अख्ख्या जिवंत जंतूला विचारलेला प्रश्न यांत इतकं अंतर आहे. म्हणून लोक पुन्हा अख्ख्या जंतूकडे वळले.

आजची ही चाळणी पाहायला देखणी असते. तळहातावर मावेल अशी प्लॅस्टिकची पट्टी आणि तिच्यात ९६ खळगे. प्रत्येक खळग्यात जंतू आणि वेगवेगळा रेणू. आठवडाभरानं त्यात रेझाझुरिन नावाचा निळा रंग घालतात. जंतू जिवंत असला तर त्याच्या श्वसनामुळे निळ्याचा गुलाबी होतो. मेला किंवा थांबला असला तर निळा निळाच राहतो. पट्टीभर गुलाबीमध्ये एखादा निळा खळगा दिसला की शोधणाऱ्याचा जीव त्यात अडकतो. खोली मात्र शॅट्झ यांच्या तळघरासारखी नाही. आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणजे दार उघडलं तरी हवा आतच ओढली जाईल.

अख्खा जंतू घेतला तरी प्रश्न चुकू शकतो. सिंगापूरच्या नोव्हार्टिस संस्थेतल्या संशोधकांना असे काही रेणू मिळाले जे क्षयजंतूला काचेत झकास रोखत होते. रेणू सुधारले, उंदरांना दिले, काहीच झालं नाही. शोध घेतल्यावर कारण निघालं ग्लिसरॉल. हे रेणू ग्लिसरॉल खाणाऱ्या जंतूचीच अडचण करत होते, आणि उंदराच्या फुप्फुसातला जंतू ग्लिसरॉलवर जगत नाही. खाद्यात ग्लिसरॉल आलं कुठून? १८८७ मध्ये नोकार आणि रू या फ्रेंच संशोधकांनी दाखवलं होतं की ते घातलं की हा हट्टी जंतू छान वाढतो. तेव्हापासून ते घालायची पद्धतच पडली. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका सोयीनं २०१० सालच्या प्रयोगशाळेची वर्षं खाल्ली.

असं सगळं असताना चार दशकांचा दुष्काळ संपवणारं औषध मिळालं ते खऱ्या क्षयजंतूवर सुरुवात न करता. बेल्जियममधल्या बेर्से गावात जॉन्सन अँड जॉन्सनच्या प्रयोगशाळेत कून अँड्रिस यांनी स्मेग्मॅटिस हा क्षयजंतूचा निरुपद्रवी भाऊबंद निवडला. त्याच्या वसाहती तीन दिवसांत उठतात, त्याच्यापासून कुणाला क्षय होत नाही. सुमारे ७०,००० रेणूंतून एक कुळ पुढे आलं आणि मग ते खऱ्या क्षयजंतूवर तपासलं गेलं. ही सवलत धोक्याचीच आहे. भाऊबंदावर चाललेलं क्षयजंतूवर चालेलच असं नाही, आणि क्षयजंतूवरची कित्येक चांगली औषधं भाऊबंदावर लंगडी ठरतात. अँड्रिस यांचं मोठेपण मला दिसतं ते त्यांनी जंतू अख्खा ठेवला आणि तो कसा मरतो याबद्दल आधी काहीच गृहीत धरलं नाही, यात. औषधाला दाद न देणारे जंतू त्यांनी मुद्दाम वाढवले आणि त्यांच्या जनुकांत काय बदललंय ते वाचलं. खूण सापडली ती जंतूची ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेत. तिथे औषधानं जंतूला अडवता येईल असं तोवर कुणाच्या यादीत नव्हतं. निबंध २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. २८ डिसेंबर २०१२ रोजी अमेरिकेत बेडाक्विलिनला मान्यता मिळाली.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी आणखी वेगळा मार्ग काढला. त्यांनी बीसीजी लशीतला, म्हणजे क्षयजंतूचा अगदी सख्खा पण सौम्य वाण घेतला आणि प्राणवायू तोडून त्याला सुप्तावस्थेत नेलं. वाढणारा जंतू आणि निपचित पडलेला जंतू या दोघांवर रेणू तपासायची त्यांची पद्धत २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. क्षयाचा उपचार इतका लांबतो तो या निपचित पडलेल्या जंतूंमुळेच, म्हणून त्यांना वेगळं विचारणं गरजेचं आहे.

बेडाक्विलिन आलं तरी ते लगेच सगळ्यांना मिळालं नाही. मूळ पेटंट २०२३ च्या जुलैत संपणार होतं. कंपनीला औषधाच्या एका क्षाररूपावर आणखी काही वर्षं हक्क हवा होता. मुंबईची पत्रकार नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले यांनी भारतात त्याला हरकत घेतली. दोघींनी क्षय सोसला होता आणि उपचारातल्या इंजेक्शनांनी दोघींची ऐकण्याची शक्ती गेली होती. ती इंजेक्शनं स्ट्रेप्टोमायसिनच्याच जातकुळीतली, मातीच्याच चाळणीतून आलेली. १९४० च्या दशकात रुग्णांच्या कानाबद्दल जे नोंदवलं गेलं होतं, ते सत्तर वर्षांनंतरही माणसं सोसत होती, कारण दुसरं औषध नव्हतं. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षी मुंबईच्या ल्युपिननं आणि इतरांनी हे औषध बनवायला घेतलं. बेडाक्विलिन असलेल्या, पूर्ण तोंडी, सहा महिन्यांच्या उपचाराला भारत सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयातल्या ज्या रुग्णांना तो लागू होतो, त्यांना आता ते इंजेक्शन घ्यावं लागत नाही.

जंतूनं तोवर आपलं काम सुरू केलं होतं. अँड्रिस यांच्याच गटानं २०१४ मध्ये दाखवलं की एका छोट्या जनुकीय बदलानं क्षयजंतू बेडाक्विलिन बाहेर फेकायला शिकतो, आणि त्याच बदलानं डब्लिनचं जुनं क्लोफाझिमिनही त्याला लागू पडेनासं होतं. असे जंतू आता रुग्णांच्या थुंकीत सापडू लागले आहेत. त्यामुळे नव्या रेणूंच्या चाळणीत सॅरनॅक लेकचा तो जुना वाण एकटा ठेवून भागत नाही. त्याच्या शेजारच्या खळग्यांत रुग्णांकडून नुकतेच आलेले, बेडाक्विलिनला सरावलेले वाणही पेरले जातात आणि आठवडाभरानं दोन्हींत निळा रंग घातला जातो.